लिनक्स संगणकावरील ईमेल वितरण आणि डिस्क पार्टिशन

लिनक्स संगणकावर चालणाऱ्या मेल सर्व्हरला पत्रे स्वीकारता, साठवता किंवा पुढे पाठवता न येणे, यास ईमेल वितरणातील अडथळा म्हणतात. नेटवर्कमधील बिघाड, डीएनएसमधील चुका, सदोष मांडणी अशी त्याची अनेक कारणे संभवतात. डिस्कवरील पार्टिशन भरणे हे त्यांपैकी सहज नजरेतून सुटणारे कारण होय. कारण अशा वेळी संगणक चालू असतो, इंटरनेट सुरळीत असते आणि डिस्कच्या इतर भागांत भरपूर जागाही शिल्लक असू शकते.

पार्श्वभूमी

डिस्कचे स्वतंत्र भाग पाडले असता प्रत्येक भागास पार्टिशन म्हणतात. एक पार्टिशन भरले तरी शेजारच्या पार्टिशनमधील रिकामी जागा त्यास आपोआप मिळत नाही. लिनक्समध्ये सतत बदलणारी माहिती 'व्हार' या डिरेक्टरीत ठेवण्याचा प्रघात आहे. पाठवावयाच्या पत्रांची रांग, वापरकर्त्यांच्या टपालपेट्या आणि यंत्रणेच्या नोंदी, म्हणजेच लॉग, ही तिन्ही सामान्यतः तेथेच असतात. त्यामुळे लॉग बेसुमार वाढल्यास त्याची झळ टपालाला बसते. शिवाय जागा संपल्यावर नव्या नोंदी लिहिल्या जात नसल्याने बिघाडाचा माग काढणेही कठीण होते.

अडलेल्या पत्रांची स्थिती

ईमेलची देवघेव एसएमटीपी या नियमावलीनुसार होते. जॉन पोस्टेल यांनी ती १९८१ मध्ये मांडली. तीत सर्व्हर तीन अंकी संकेतांनी उत्तर देतो. ४ ने सुरू होणारा संकेत तात्पुरती अडचण दर्शवितो, तर ५ ने सुरू होणारा कायमचा नकार. साठवणुकीची जागा अपुरी असल्याचा संकेत ४५२ हा आहे. तो मिळाल्यावर पाठविणारा सर्व्हर पत्र आपल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. वित्से व्हेनेमा यांनी तयार केलेल्या पोस्टफिक्स या प्रणालीत ही मुदत मूळ मांडणीनुसार ५ दिवसांची असते. त्यानंतर पत्र प्रेषकाकडे परत जाते.

म्हणजेच पार्टिशन भरले म्हणून येणारी पत्रे लगेच नष्ट होत नाहीत. दुरुस्तीस काही दिवसांचा अवधी मिळतो. याउलट, जागा करण्याच्या घाईत रांगेतील फाइली पुसल्यास सर्व्हरने आधीच स्वीकारलेली पत्रे कायमची नाहीशी होतात. एकदा पत्र स्वीकारले की त्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर येते.

निदान

'डीएफ' ही आज्ञा प्रत्येक पार्टिशनमधील शिल्लक जागा दाखविते, तर 'डीयू' कोणत्या डिरेक्टरीने किती जागा व्यापली हे सांगते. तपासताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

• पोस्टफिक्स पार्टिशन पूर्ण भरण्याची वाट पाहत नाही. पत्राच्या कमाल आकाराच्या दीडपट जागा उरली नसल्यास ते नवी पत्रे नाकारते. हा आकार मूळ मांडणीनुसार १,०२,४०,००० बाइट असतो.
• जागा असूनही आयनोड संपू शकतात. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी४ फाइल प्रणालीत त्यांची संख्या पार्टिशन तयार करतानाच ठरते. मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल होत असल्याने ही अडचण तेथे अधिक संभवते.
• ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा सहसा रूट वापरकर्त्यासाठी राखीव असते. त्यामुळे रूटने केलेली चाचणी यशस्वी होते, पण टपाल मात्र अडते.
• पुसलेली फाइल एखाद्या प्रोग्रामने उघडी ठेवली असल्यास तिची जागा मोकळी होत नाही. अशा फाइली 'एलएसओएफ' या आज्ञेने सापडतात.

'हरवलेली' पत्रे

टपालपेट्यांसाठी वेगळे पार्टिशन असेल आणि संगणक सुरू होताना ते जोडले गेले नाही, तर नवी पत्रे त्या जागेच्या मूळ डिरेक्टरीत जमा होऊ शकतात. पुढे पार्टिशन जोडल्यावर ती त्याखाली झाकली जातात. ती नष्ट झालेली नसतात; पार्टिशन काढून पाहिल्यास पुन्हा दिसतात.

उपाय

प्रथम जुने लॉग अन्यत्र हलवून जागा करावी. एलव्हीएम वापरात असून त्यात जागा शिल्लक असल्यास पार्टिशनसारखा वापरला जाणारा विभाग वाढविता येतो. ईएक्सटी४ फाइल प्रणाली चालू स्थितीत वाढते. लहान करण्यासाठी मात्र ती आधी काढावी लागते. पार्टिशनच्या सीमा बदलण्यापूर्वी टपालपेट्या आणि रांग यांची प्रत घेणे अत्यावश्यक आहे. पोस्टफिक्सची रांग दुसऱ्या पार्टिशनवर नेल्यास, फाइलींची नावे आयनोड क्रमांकांशी निगडित असू शकत असल्याने, 'पोस्टसुपर' या आज्ञेने ती जुळवून घ्यावी लागतात.

रांग, टपालपेट्या आणि लॉग यांना स्वतंत्र पार्टिशन दिल्यास एकाच्या वाढीचा दुसऱ्यास उपद्रव होत नाही. लॉग ठरावीक काळाने आवरते घेण्याचे काम 'लॉगरोटेट' करते.