मोहाची दारू : घरची, देवाची आणि विक्रीची

फाल्गुन सरत आला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलालगतची गावे पहाटेच रिकामी होऊ लागतात. बायका, मुले, म्हातारी माणसे टोपल्या घेऊन मोहाच्या झाडांखाली जातात. रात्रभर झडलेली फिकट पिवळी, रसाने फुगलेली फुले ऊन चढण्यापूर्वी वेचून घ्यावी लागतात. या गोडीवर माणसाइतकाच अस्वलाचा आणि हरणांचाही डोळा असतो. अंधुक उजेडात वाकून फुले वेचणाऱ्या माणसावर वाघाने वा अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या चंद्रपूर जिल्ह्यात जवळजवळ दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. याच सुमारास आणखी एक ठरावीक बातमी छापून येते : अमुक गावच्या शिवारात पोलिसांचा छापा, इतका मोहसडवा नष्ट.

जिवावर उदार होऊन वेचलेले फूल आणि नाल्याकाठी ओतून दिलेला सडवा, या दोहोंच्या मधली जी पायरी आहे, तिच्याविषयी शहरी वाचकाला फारशी माहिती नसते. घरोघर गाळली जाणारी, एकमेकांच्या घरी नेली जाणारी, चाखून तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा केली जाणारी मोहाची दारू ही या मुलुखातील जुनी गृहकला आहे. अमेरिकेत १९७८ साली घरगुती बिअर बनविण्यास केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे चार्ली पॅपॅझियन यांनी अशा हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी केली. आपापल्या बाटल्या घेऊन जमायचे, एकमेकांची बिअर चाखायची, कृती सांगायची, टिपणे काढायची, असा या मंडळींचा रिवाज आहे. इंग्लंडने तर घरच्या बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द केला होता. गोंड आणि माडिया गावांत यांपैकी टिपणवही तेवढी नव्हती. बाकी सारे होते.

फुलापासून धारेपर्यंत

गोंडी भाषेत मोहफुलाला ‘इरुप’ म्हणतात. तमिळमधील ‘इरुप्पै’ हा त्याचा भाऊबंद. दारूला गोंडीत ‘कल’ हा शब्द आहे आणि तो तेलुगू ‘कल्लु’ व तमिळ ‘कळ्’ यांच्या कुळातला आहे. शब्दांचे हे वय लक्षात घेतले म्हणजे हा व्यवहार किती जुना असेल याची कल्पना येते. नवे फूल, नवे फळ, नवे धान्य देवाला व पूर्वजांना दाखविल्यावाचून तोंडात घालायचे नाही, असा नियम आहे. त्यासाठी होणाऱ्या सणांना ‘पंडुम’ म्हणतात.

मोहफूल म्हणजे केवळ दारू नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ते भाजून, तिळाबरोबर कुटून, शिजवून खाल्ले जाते आणि दुष्काळाच्या वर्षांत त्याने माणसे जगविली आहेत. फळाच्या बीचे, म्हणजे टोरीचे, तेल निघते. म्हणूनच शेतात मोहाचे झाड आले तर ते तोडीत नाहीत, आणि झाडाचा वारसा जमिनीसारखा मुलांकडे जातो.

दारूची कृती ऐकायला सोपी आहे. वाळवलेली फुले मडक्यात पाणी घालून भिजत ठेवायची. फुलातील साखर आयती असल्याने धान्याप्रमाणे मोड काढण्याची गरज पडत नाही. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये तांदळापासून ‘लांदा’ नावाचे पेय करतात. त्यात मोड आलेल्या मक्याचे पीठ घालावे लागते, कारण तांदळातील पिष्टाची साखर आधी व्हावी लागते. खऱ्या अर्थाने बिअरची बहीण कोणती म्हणाल, तर ती लांदा. मोहाची दारू ही गाळीव असल्याने ब्रँडीच्या घरातली. भिजत घातलेली फुले हवेतील उष्म्यानुसार काही दिवसांत फसफसू लागतात. हाच सडवा. मग तो चुलीवर चढवायचा, तोंडावर दुसरे भांडे बसवायचे, सांधे मातीने व चिंध्यांनी लिंपायचे आणि वाफ थंड करण्यासाठी पाणी बदलत राहायचे. ते कोमट होऊ दिले तर वाफ निसटते. जाळ अधिक झाला तर सडवा तळाला लागून जळकट वास येतो.

चांगली दारू कशी ओळखावी, याचे शास्त्र मात्र चुलीपाशी बसूनच शिकावे लागते, आणि ते बहुधा बायकांच्या हाती असते. फूल जमिनीवर पडून मातीत लोळले असेल तर चवीत खर येते. वाळत असताना पाऊस लागला तर फूल काळे पडते आणि सडव्याला आंबूस वास सुटतो. फुलाचे केसर चोळून काढले की नाही, यानेही फरक पडतो. सडवा उतरविण्याची वेळ नाकाने व कानाने ठरते. फसफसण्याचा आवाज मंदावला की तो तयार. आधी उतरते ती कडक, नंतरची फिकी व आंबट. मराठीत आपण कशाच्याही अस्सलपणाला ‘पहिल्या धारेचा’ म्हणतो, तो वाक्प्रचार याच भट्टीवरून आलेला आहे. वापरणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते. कडकपणाची परीक्षा म्हणून थोडी दारू विस्तवावर टाकतात. निळसर ज्वाळा उठली तर ती खरी. शेवटी पुढच्या व मागच्या धारा जिभेच्या अंदाजाने एकत्र करायच्या. हा अंदाज कागदावर उतरत नाही, आणि म्हणूनच एका घरची दारू दुसऱ्या घरच्या दारूसारखी कधीच लागत नाही.

जंगलात मोहाखेरीज इतर पेयेही आहेत. भामरागड, एटापल्लीकडे भेरली माडाच्या जातीचे झाड आढळते, त्याला माडिया लोक ‘गोरगा’ म्हणतात. त्याचा रस ताजा असताना गोड व सौम्य असतो, दिवस चढेल तसा तो आंबत जातो. सिरोंच्याकडे प्राणहिता-गोदावरीच्या काठाने ताडी आणि शिंदी यांचे राज्य आहे. या रसांची वाटणी झाडापाशीच होते, कारण ते टिकत नाहीत.

एकाच्या घरची, साऱ्यांची

घरी गाळलेली दारू एकट्याने पिण्याची वस्तू मुळात नव्हती. पळसाच्या वा मोहाच्या पानाचा द्रोण करायचा, पहिले थेंब भूमीला व पूर्वजांना वाहायचे, मग वडीलधाऱ्यांना, मग इतरांना. सोयरीक ठरविताना मुलाकडची मंडळी दारू घेऊन जातात आणि मुलीच्या बापाने ती स्वीकारली म्हणजे बोलणे पुढे सरकले, असे मानतात. नामकरण, मृत्यूनंतरचे विधी, गावपंचायतीने केलेला दंड, या साऱ्यांत तिची जागा ठरलेली होती. लग्नाच्या घरी नातलग आपापल्या घरून गाळलेली आणतात. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. कोणाची चांगली उतरली, कोणाची जळली, हा मांडवातील चर्चेचा विषय असतो. नुसती दाद देऊन विषय संपत नाही. फूल कोणत्या झाडाचे, किती दिवस भिजविले, हे विचारले जाते आणि सांगितलेही जाते. कृती लपवून ठेवण्याचे कारण नव्हते, कारण ती कोणी विकत नव्हते.

या व्यवस्थेत एक अंगभूत लगाम होता. फूल वर्षातून एकदाच येते, साठा मर्यादित असतो, त्यातील काही खायला लागते, काही मीठमिरचीसाठी विकावे लागते. गाळण्यास एक दिवस आणि बराच लाकूडफाटा जातो. सणाला आणि पाहुण्याला पुरेल इतकेच त्यातून निघते. याचा अर्थ जुन्या काळी कोणी झिंगून पडत नव्हते असा नाही. पडत होते, आणि त्यांच्या बायकाही मार खात होत्या. आदिवासींच्या मद्यपानाचे गोडवे गाणाऱ्या शहरी लेखनात हे वाक्य सहसा गाळले जाते.

कायद्याच्या दोन वाटा

ब्रिटिशांच्या काळी चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. दारू हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन असल्याने गाळण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई आणि घरची भट्टी हा महसुलाचा चोर ठरे. मध्य प्रांताचा अबकारी कायदा १९१५ सालचा. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि येथे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. त्याच्या १२ व्या कलमानुसार दारू तयार करण्यास मनाई असून ६५ व्या कलमात शिक्षा सांगितली आहे. घरच्या देवासाठी शेरभर गाळणारी म्हातारी आणि दहा पिंपे भरून विकणारा धंदेवाईक यांच्यात ही कलमे भेद करीत नाहीत.

गंमत अशी की इंद्रावतीपलीकडे १९१५ चाच कायदा दुरुस्त्यांसह चालू राहिला. मध्य प्रदेशात आणि नंतर छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींना घरगुती व धार्मिक वापरापुरती दारू गाळण्याची मर्यादित सवलत त्यात आली. त्यामुळे नदीच्या एका काठावरचा माडिया बाजाराच्या दिवशी द्रोणातून चव पाहून मोहाची दारू घेतो, आणि दुसऱ्या काठावरचा त्याचाच मेहुणा तीच दारू घरी ठेवल्याबद्दल ठाण्यात बसतो. दोघांची भाषा एक, देव एक, झाडही एकच.

तरीही गडचिरोलीतील दारूबंदी वरून लादलेली होती, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसह अनेक कार्यकर्त्यांनी दारूमुक्तीची चळवळ उभारली. तिच्या मागे गावोगावच्या स्त्रिया होत्या, त्यांत आदिवासी स्त्रियाही. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. गडचिरोलीची बंदी मात्र कायम आहे, आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा व्यसनविरोधी उपक्रम तेथे चालविला जातो.

या स्त्रियांचा राग मुख्यतः दुकानावर होता. मजुरीचे पैसे घरी पोचण्यापूर्वीच गिळणाऱ्या रोखीच्या दारूवर. दुकाने बंद झाल्यावर मात्र मागणी नाहीशी झाली नाही. तिचा काही भाग मोहाकडे वळला. घरच्या चुलीवरची दारू नाल्याकाठच्या भट्टीवर गेली, वर्षभर निघू लागली. फूल पुरेना तेव्हा काळा गूळ आला, आंबण्याला वेग यावा म्हणून नवसागर आला. छाप्यांच्या बातम्यांत फुलाबरोबर गुळाच्या भेल्यांचा उल्लेख येतो तो यामुळे. एकट्या मोहावर अशी बारमाही भट्टी चालत नाही. विषारी दारूची मोठी कांडे ही याहूनही वेगळी गोष्ट आहे. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभरावर माणसे दगावली ती औद्योगिक मिथाइल अल्कोहोलमुळे, फुलामुळे नव्हे. चाखून, विचारून, नाव घेऊन घेतलेल्या दारूत असली भेसळ लपणे कठीण असते. पिशवीत बांधून अंधारात विकलेल्या दारूला गाळणाराचे नाव नसते.

ग्रामसभेचा मार्ग

या गुंत्यातून वाट काढणारे एक उदाहरण गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव सामूहिक वनहक्कासाठी देशभर ओळखले जाते. २००९ मध्ये तो हक्क त्याला मिळाला. त्याच्या किती तरी आधी या गावाने दारूवर बसून चर्चा केली होती. स्त्रियांना ती बंद हवी होती. देवाला दारू लागतेच, असे पुरुषांचे म्हणणे होते. निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत असल्याने चर्चा लांबली, आणि अखेरीस ठरले की देवकार्यापुरती, मर्यादित प्रमाणात दारू चालेल, एरवी नाही. पंचायत क्षेत्र विस्तार कायदा १९९६ सालचा. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक द्रव्यांवर बंदी घालण्याचा, तसेच त्यांच्या विक्री-सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार त्याने दिला आहे. नियमन हा शब्द महत्त्वाचा आहे. जिल्हाभर सरसकट बंदी असेल तेथे ग्रामसभेने ‘देवापुरती चालेल’ असे ठरविले तरी पोलिसांच्या दृष्टीने तो गुन्हाच राहतो. मेंढ्याचा निर्णय टिकला आहे तो गावाच्या नैतिक बळावर, कलमाच्या आधारावर नव्हे.

सरकारचा दृष्टिकोन अलीकडे बदलला आहे, पण तो फुलाबाबत आणि बाजाराबाबत. मोहफुले गोळा करणे, साठविणे व वाहून नेणे यांवरील निर्बंध महाराष्ट्राने २०२१ मध्ये काढले. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला होता. तोच धडा गिरवीत मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून बाजारात आणण्याचे धोरण आखले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी काजू बोंडे व मोहफुले यांपासूनच्या मद्याला वेगळा दर्जा देण्याचे ठरविले. हा दर्जा कोणता, तर ‘विदेशी मद्या’चा! भामरागडच्या म्हातारीला हे कोणी समजावून सांगितले असेल, असे वाटत नाही. कारखान्यातून बाटलीत भरून येणारी मोहाची दारू उद्या पुण्या-मुंबईच्या मद्यगृहांत मांडली जाईल, तिच्या गंधाची आणि चवीची वर्णनेही छापली जातील. तिच्या घरातील मडके मात्र २०२१ आणि २०२२ च्या या दोन्ही निर्णयांच्या बाहेरच राहिले आहे.