कुंडलिकेतलं घाटमाथ्याचं पाणी
मुंबईहून सहकुटुंब निघालेली गाडी पेणला पोह्याच्या पापडांसाठी थांबते, मग वडखळ, नागोठणे करत रोहा तालुक्यातल्या कोलाडला पोहोचते. इथे कुंडलिकेत राफ्टिंग चालतं, तेही ऐन मे महिन्यात! सकाळी वीजघरातून पाणी सुटलं की नदी फुगते.

हे पाणी मूळचं कोकणातलं नव्हेच. पूर्वेला वाहणाऱ्या मुळा नदीवर टाटांनी मुळशीला धरण बांधलं आणि पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला, पायथ्याच्या भिऱ्याकडे वळवलं. तिथलं वीजघर 1927 मध्ये सुरू झालं.

राफ्टवर बसणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही, पण याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह पेटला होता. सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी अखेर जलाशयाखाली गेल्याच.