नाकारलेले बिशपपद

आपल्या नंदगडहून गोवा काही दूर नाही. तिथल्या बाणावलीत 1651 साली जन्मलेले संत जोसेफ वाझ 1687 मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले, कारण डचांनी कॅथोलिक धर्मगुरूंना तिथे बंदी घातली होती. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरचेच आजाऱ्यांना टाकून पळाले. फादरांनी त्यांना जेवू घातले, मेलेल्यांना मूठमाती दिली. पुढे बिशपपद चालून आले, ते त्यांनी घेतले नाही.

आपल्याकडे पॅरिश कौन्सिलच्या खुर्चीवरूनही रुसवेफुगवे होतात. (मीही एकदा रुसलो होतो.) या रविवारी बिशपांसाठी, फादरांसाठी आणि आम्हा धर्मशिक्षकांसाठीही रोझरीचे एक दशक म्हणाल ना?