मस्तिष्कावरणशोथ, व्हायरसजन्य : निदान व चिकित्सेचा इतिहास

मेंदू व मेरुरज्जू यांभोवती असणाऱ्या आवरणांच्या दाहयुक्त सुजेला मस्तिष्कावरणशोथ म्हणतात. ही आवरणे तीन असून त्यांपैकी आतील दोन, म्हणजे जालतानिका व मृदुतानिका, यांच्या दरम्यान मस्तिष्क-मेरुद्रव असतो. शोथ मुख्यत्वे याच दोन आवरणांना होतो. सूक्ष्मजंतू, क्षयजंतू, कवके, परजीवी व व्हायरस यांपैकी कोणत्याही कारणाने विकृती उद्‌भवू शकते. ती व्हायरसामुळे उद्‌भवली असता बहुधा सौम्य व आपोआप बरी होणारी असते. सूक्ष्मजंतुजन्य प्रकारात मात्र उपचारास काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. दोन्ही प्रकारांचा आरंभ ज्वर, तीव्र डोकेदुखी, वांती, मानेचा ताठरपणा व प्रकाश सहन न होणे या लक्षणांनी होतो. रोगी पहिल्या दिवशी ज्या अवस्थेत वैद्यापुढे येतो, तीवरून दोहोंतील भेद ओळखणे पुष्कळदा अशक्य असते. या रोगाच्या निदानाचा सारा इतिहास हा भेद लवकर व खात्रीने कसा करावा या प्रश्नाभोवती फिरतो.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मस्तिष्कावरणशोथ हा शब्द मृत्यूशी समानार्थी होता. एडिंबरो येथील रॉबर्ट व्हिट (१७१४–६६) यांनी मुलांतील ‘मेंदूच्या जलोदरा’चे वर्णन केले. त्यांच्या मृत्यूनंतर, १७६८ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. आजच्या दृष्टीने ते क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथाचे वर्णन होय. १८०५ मध्ये जिनीव्हा येथे आलेल्या साथीचा वृत्तांत गॅस्पार व्ह्यूस्यू यांनी लिहिला आणि १८८७ मध्ये व्हिएन्ना येथे आंटोन व्हाइकसेलबाउम (१८४५–१९२०) यांनी अशा साथींस कारणीभूत असणारा गोलाणू शोधून काढला. यांखेरीज, मस्तिष्कावरणशोथाची सर्व लक्षणे दिसूनही रोगी आठवड्याभरात उठून हिंडू लागल्याची उदाहरणे वैद्यांच्या पाहण्यात अधूनमधून येत. अशा वेळी मूळ निदानच चुकले असावे, असे समजून ती बाजूस सारली जात. शवविच्छेदन हाच पुराव्याचा मुख्य मार्ग असलेल्या काळात बऱ्या झालेल्या रोग्याचा रोग सिद्ध करता येत नसे, हे लक्षात घेतले पाहिजे.

ही अडचण १८९१ मध्ये दूर होऊ लागली. त्या वर्षी कील येथील वैद्य हाइन्‍रिख क्‍विंके (१८४२–१९२२) यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याची पद्धत मांडली. लंडन येथील वॉल्टर एसेक्स विंटर यांनीही त्याच सुमारास क्षयजन्य रोग्यांत मेरुद्रव बाहेर काढून पाहिला होता. मेंदूवरील दाब कमी करणे हा दोघांचाही हेतू होता, परंतु क्‍विंके तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी द्रवाचा दाब मोजला व त्यातील प्रथिन आणि शर्करा यांचे परीक्षण केले. उपचार म्हणून निघालेली ही कृती काही वर्षांतच निदानाचे सर्वांत महत्त्वाचे साधन बनली. तिला कटिवेधन म्हणतात. जिवंत रोग्याच्या मेंदूभोवतीचा द्रव परीक्षानळीत धरून पाहणे त्यामुळे प्रथमच शक्य झाले. मेंदूत गाठ किंवा गळू असल्याचा संशय असल्यास हे वेधन धोक्याचे ठरू शकते. म्हणून नेत्रतलाची तपासणी, व पुढील काळात क्ष-किरण संगणकीय छेददर्शन, त्याआधी करण्याची प्रथा पडली.

फ्रान्समध्ये फेर्नां व्हीदाल आणि त्यांचे सहकारी सीकार व राव्हो यांनी १९०१ च्या सुमारास द्रवातील कोशिकांच्या प्रकारावरून निदान करण्याची रीत घालून दिली. १९१२ मध्ये मेस्त्रेझा यांचा द्रवाच्या रासायनिक घटनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळापासून रुग्णालयातील निर्णय एका साध्या तुलनेवर आधारलेला राहिला. निरोगी प्रौढाच्या द्रवात दर घन मिलिमीटरमध्ये पाचापेक्षा अधिक श्वेत कोशिका नसतात व शर्करा रक्तशर्करेच्या निम्म्याहून थोडी अधिक असते. सूक्ष्मजंतुजन्य रोगात द्रव गढूळ वा पुवासारखा होतो, पूयकोशिका हजारांनी आढळतात, प्रथिन वाढते व शर्करा घटते. व्हायरसजन्य रोगात द्रव स्वच्छ राहतो. त्यात कोशिका बहुधा काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत असून त्या मुख्यत्वे लसीका कोशिका असतात, प्रथिन किंचित वाढते व शर्करा प्राकृत राहते.

हे कोष्टक जितके उपयुक्त तितकेच फसवे आहे. व्हायरसजन्य रोगाच्या पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पूयकोशिकाच अधिक आढळू शकतात. गालगुंडाच्या व्हायरसामुळे क्वचित शर्कराही कमी होते. उलट, सूक्ष्मजंतुजन्य रोग्याला आधीच प्रतिजैविकाच्या काही मात्रा मिळाल्या असतील, तर त्याचा द्रव व्हायरसजन्य रोगातील द्रवासारखा दिसू लागतो. भारतासारख्या देशात यात आणखी एक गुंतागुंत आहे. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथातही द्रव स्वच्छ असतो व लसीका कोशिकाच अधिक असतात. शर्करेतील घट, प्रथिनातील मोठी वाढ आणि दोनतीन आठवडे हळूहळू वाढत गेलेली लक्षणे यांवरून तो ओळखावा लागतो. स्ट्रेप्टोमायसीन उपलब्ध होण्यापूर्वी, म्हणजे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत, तो जवळजवळ निरपवादपणे मारक होता. क्षयजन्य रोगाला व्हायरसजन्य समजून रोग्यास घरी पाठविणे ही चूक भरून न येणारी असल्याने भारतीय वैद्य ‘व्हायरसजन्य’ हा शब्द उच्चारण्यास पाश्चात्त्य वैद्यांपेक्षा अधिक कचरत आले आहेत. त्यांचा हा संकोच सयुक्तिक होता, असेच म्हणावे लागते.

व्हायरसजन्य प्रकाराला स्वतंत्र रोगाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय स्वीडनमधील बालरोगतज्ञ आर्व्हिड व्हॉलग्रेन (१८८९–१९७३) यांच्याकडे जाते. १९२५ मध्ये त्यांनी काही रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत रोगाचा आरंभ एकाएकी होई, मानेचा ताठरपणा असे, द्रवात कोशिका वाढलेल्या असत, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली किंवा संवर्धनात कोणताही जंतू सापडत नसे आणि रोग थोड्या दिवसांत पूर्ण बरा होई. कान, नाक वा कवटी यांच्या लगतच्या संसर्गामुळे किंवा एखाद्या परिचित साथीमुळे तो झाला नसल्याची खात्री करण्याची अटही त्यांनी घातली. आपल्या निबंधाच्या शीर्षकात हा नवा रोग आहे काय, असे त्यांनी प्रश्नरूपानेच विचारले होते. या रोगाला त्यांनी दिलेले ‘अजंतुक तीव्र मस्तिष्कावरणशोथ’ या अर्थाचे नाव अनेक दशके रूढ राहिले. ते नाव म्हणजे काय सापडले नाही एवढेच सांगणारे नाव होते. तथापि जे सापडत नाही त्याची काटेकोर व्याख्या केल्यामुळेच पुढील संशोधकांना नेमके कोठे शोधावे हे कळले.

कारक व्हायरसांचा शोध थोडा योगायोगाने सुरू झाला. १९३३ मध्ये अमेरिकेतील सेंट लूइस येथे मस्तिष्कशोथाची मोठी साथ आली. तिचा अभ्यास करताना चार्ल्स आर्मस्ट्राँग (१८८६–१९६७) व लिली यांना माकडांमध्ये एक वेगळाच व्हायरस आढळला. प्राण्यांत त्यामुळे आवरणांत लसीका कोशिकांचा दाट थर साचे. त्यावरून १९३४ मध्ये त्याचे नामकरण झाले. पुढल्याच वर्षी रिव्हर्स व स्कॉट यांनी अजंतुक मस्तिष्कावरणशोथ झालेल्या दोन रोग्यांच्या मेरुद्रवातून तोच व्हायरस वेगळा केला, तर ट्राउब यांना तो प्रयोगशाळेत पाळलेल्या उंदरांच्या वसाहतीत सापडला. घरातील उंदीर हा त्याचा नैसर्गिक साठा असल्याचे पुढे स्पष्ट झाले. व्हॉलग्रेन यांच्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले निश्चित उत्तर होय, मात्र ते थोड्याच रोग्यांना लागू पडत होते.

खरे कारण माणसाच्या आतड्यात दडलेले होते. १९४८ मध्ये गिल्बर्ट डॉलडॉर्फ (१९००–७९) व ग्रेस सिकल्स यांनी न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीकाठच्या कॉक्सॅकी गावातील दोन मुलांच्या विष्ठेपासून, नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांमध्ये एक नवा व्हायरस मिळविला. प्रौढ उंदरांवर त्याचा परिणाम होत नसल्याने तो आजवर हाती लागला नव्हता. गावाचे नाव या व्हायरस-गटाला कायमचे चिकटले. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी पोलिओचा व्हायरस तंत्रिका ऊतकाखेरीज अन्य ऊतकांच्या संवर्धनात वाढवून दाखविला. या कार्याबद्दल त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पोलिओचा शोध घेण्यासाठी प्रयोगशाळांतून हे तंत्र सर्रास वापरले जाऊ लागताच विष्ठेतून असे अनेक व्हायरस निघाले की, ज्यांच्याशी कोणताही रोग जोडता येईना. रोगाचे पालकत्व नसलेले म्हणून त्यांना १९५५ मध्ये ‘अनाथ’ असा शब्द अंतर्भूत असलेले एको हे संक्षिप्त नाव देण्यात आले. हे अनाथपण फार दिवस टिकले नाही. १९५५-५६ मध्ये युरोपात पुरळासह आलेल्या मस्तिष्कावरणशोथाच्या साथींमागे एको व्हायरसाचा नववा प्रकार असल्याचे सिद्ध झाले. आंत्रव्हायरस या व्यापक गटात मोडणारे हे व्हायरस आज व्हायरसजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या बहुसंख्य रोग्यांस कारणीभूत असल्याचे मानले जाते. दूषित हात, पाणी व विष्ठा यांमार्फत ते पसरतात. समशीतोष्ण प्रदेशांत उन्हाळ्यात व शरद ऋतूत त्यांचा जोर असतो.

येथे मस्तिष्कशोथाशी असणारा भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. मेंदूच्या ऊतकालाच शोथ झाल्यास शुद्ध हरपणे, झटके येणे, वर्तनात बदल होणे ही लक्षणे दिसतात व धोका कितीतरी वाढतो. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेल्या व्हायरस संशोधन केंद्राला (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदीपुरा येथे सापडलेला व्हायरस याचे उदाहरण आहे. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याच्याशी निगडित मस्तिष्कशोथाच्या साथीत ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. केवळ आवरणांच्या शोथात असे क्वचितच घडते.

गालगुंडाचा इतिहास या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. या रोगात सुमारे निम्म्या रोग्यांच्या मेरुद्रवात कोशिका वाढलेल्या आढळतात, जरी प्रत्यक्ष लक्षणे त्यांहून बऱ्याच कमी जणांना होतात. प्रतिबंधक लस अमेरिकेत १९६७ मध्ये मान्य झाली. जपानमध्ये तयार झालेल्या उराबे या वाणापासून बनविलेली लस अन्य काही देशांतही वापरली गेली, परंतु तीमुळेच काही मुलांना सौम्य मस्तिष्कावरणशोथ होत असल्याचे दिसून आले. कॅनडाने १९९० मध्ये व ब्रिटनने १९९२ मध्ये ती लस मागे घेतली. जपानने १९९३ मध्ये आपला संयुक्त लस कार्यक्रमच बंद केला. बाधित मुलांपैकी बहुतेक पूर्ण बरी झाली होती. जेथे अन्य वाणाची लस तत्काळ उपलब्ध होती, तेथे बदल निमूटपणे पार पडला. जपानमध्ये मात्र लोकांचा विश्वास ढळला व गालगुंडाच्या साथी पुढेही चालू राहिल्या. भारतात २०१७ मध्ये राष्ट्रीय मोहिमेद्वारे सुरू झालेल्या गोवर-रुबेला लशीत गालगुंडाचा घटक नव्हता.

ऊतक संवर्धनाने व्हायरस ओळखण्यास कित्येक दिवस लागत, तोवर रोगी घरी गेलेला असे. प्रतिपिंडांची पातळी वाढल्याचे दाखविण्यासाठी रक्तरसाचे दोन नमुने काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावे लागत. निदान खरे ठरे, पण त्याचा उपयोग नसे. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांनी योजलेल्या बहुवारिक शृंखला विक्रियेने हे चित्र पालटले. १९९० च्या सुमारास तिच्या साहाय्याने मेरुद्रवातील आंत्रव्हायरस व परिसर्प व्हायरस यांचे न्यूक्लिइक अम्ल काही तासांत ओळखता येऊ लागले. फ्रेंच तंत्रिकातज्ञ प्येर मॉलारे (१८९८–१९८७) यांनी १९४४ मध्ये वर्णिलेल्या, पुनःपुन्हा उद्‌भवणाऱ्या गूढ मस्तिष्कावरणशोथामागे बहुधा परिसर्प व्हायरसाचा दुसरा प्रकार असल्याचे याच तंत्राने उघड झाले. आंत्रव्हायरस निश्चितपणे सापडल्यास प्रतिजैविके थांबवून रोग्यास लवकर घरी पाठविता येते. या चाचणीचा हाच सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ होय.

चिकित्सेचा इतिहास त्या मानाने त्रोटक आहे. विश्रांती, वेदनाशामके, ज्वरशामके व पुरेसे द्रवपदार्थ यांपलीकडे बहुसंख्य रोग्यांना काही लागत नाही आणि सात ते दहा दिवसांत ते बरे होतात. थकवा व डोकेदुखी मात्र काहींना कित्येक आठवडे त्रास देतात. प्रतिजैविकांचा व्हायरसावर परिणाम होत नाही. तरीही निदान अनिश्चित असताना ती प्रथम सुरू करणे व द्रवाचा अहवाल आल्यावर बंद करणे, हाच सुरक्षित क्रम मानला जातो. परिसर्प व्हायरसाविरुद्ध ॲसिक्लोव्हिर हे औषध १९७० च्या दशकात विकसित झाले. मस्तिष्कशोथात त्याची श्रेष्ठता स्वीडनमध्ये १९८४ साली व अमेरिकेत १९८६ साली झालेल्या चाचण्यांनी सिद्ध केली. मस्तिष्कशोथाची शंका असल्यास ते विनाविलंब दिले जाते. आंत्रव्हायरसावर प्लेकोनारिल या औषधाकडून बरीच आशा होती. मस्तिष्कावरणशोथात त्याची चाचणी झाली, पण लाभ माफक आढळला. सर्दीवरील उपचार म्हणून केलेला अर्जही अमेरिकेच्या औषध-नियंत्रण यंत्रणेने २००२ मध्ये नामंजूर केला. नवजात अर्भके आणि प्रतिपिंडे तयार न होण्याचा जन्मजात दोष असलेले रोगी यांच्यात आंत्रव्हायरसाचा संसर्ग गंभीर रूप धारण करतो. दुसऱ्या गटात तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. अशा रोग्यांना दात्यांच्या रक्तातून मिळविलेली प्रतिपिंडयुक्त ग्लोब्युलिने शिरेवाटे दिली जातात.