नव्याचे नव्वद दिवस

आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस म्हणतात. अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांनी ते मोजून नव्वद केले होते. १९५० च्या दशकात तिथे कुठलीही नवी गाडी घ्या, कागदावर मजकूर जवळपास एकच. वॉरंटी ९० दिवस किंवा ४,००० मैल, जे आधी होईल ते. तेवढ्यात एखादा पार्ट बिघडला तर तो स्वतःच्या खर्चाने कारखान्यात पाठवायचा, आणि कंपनीला तो खरंच सदोष वाटला तर बदलून मिळणार. बाकी कशालाही आम्ही जबाबदार नाही. विषय संपला.

हे सगळं मी आत्ता का वाचतोय, तर माझ्या गाडीची तीन वर्षांची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय. सर्व्हिस सेंटरमधून दर दोन दिवसांनी फोन. "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी करून टाका, नंतर रेट वाढतो." दोन वर्षांचे १८ हजार रुपये. हो-नाही ठरवायच्या आधी म्हटलं, ही वस्तू मुळात आली कुठून ते तरी बघू. (धंद्याची सवय. जुना कोड तसा का लिहिलाय हे कळल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही :-))

तर मे १९५५. न्यू जर्सीतल्या हेनिंगसेन नावाच्या गृहस्थांनी मदर्स डेची भेट म्हणून बायकोसाठी नवी प्लिमथ घेतली. प्लिमथ म्हणजे क्रायस्लर कंपनीची गाडी. (वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनेही कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्याच गाड्या जोडल्या. फियाट नंतरची.) दोन आठवडेही झाले नव्हते, मीटरवर ४६८ मैल. श्रीमती हेनिंगसेन एकट्याच गाडी चालवत होत्या, वेग ताशी २०-२२ मैल. बॉनेटखाली काहीतरी तुटल्यासारखा मोठा आवाज झाला, स्टिअरिंग हातातल्या हातात गरकन फिरलं आणि गाडी उजवीकडे जाऊन विटांच्या भिंतीवर आदळली. पुढचा भाग इतका चेपला होता की नेमकं काय तुटलं हेही सांगता येईना.

नवराबायको कोर्टात गेले. कंपनीचं म्हणणं साधं होतं. खरेदीच्या कागदामागच्या बारीक अक्षरात लिहिलंय की आम्ही फक्त पार्ट बदलून देतो. शिवाय कागदावर सही नवऱ्याची आहे, बाईंचा आमच्याशी करार झालाच कुठे? कायद्याच्या जुन्या चौकटीत हे बसतही होतं.

९ मे १९६० ला न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने ही चौकट मोडली. कोर्टाचा मुद्दा मला फार आवडला. करार म्हणजे दोन बाजूंनी घासाघीस करून ठरवलेली गोष्ट. इथे घासाघीस होणार कशी? वॉरंटीचा मजकूर मोटार कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेला, आणि ९० टक्क्यांहून जास्त गाड्या तीन कंपन्यांच्या. एका दुकानात पटलं नाही तर गिऱ्हाईक जाणार कुठे? पुढच्या दुकानातही तोच कागद. म्हणून बारीक अक्षरांतली सुटका रद्द. गाडी विकली म्हणजे ती धड चालेल हे वचन त्यात आलंच, आणि ते सही करणाऱ्यापुरतं नाही, ती गाडी चालवणाऱ्या बायकोलाही आहे.

(आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे मान खाली घालायला हरकत नाही. 'आय ॲग्री'च्या वरचा मजकूर कधी वाचलाय? जसं आहे तसं घ्या, चाललं तर तुमचं नशीब. आम्ही तर नव्वद दिवसही देत नाही!)

गंमत अशी की पुढची उडी कोर्टाने नाही, बाजाराने मारली. १९६१ च्या मॉडेलांवर फोर्डने वॉरंटी १२ महिने, १२,००० मैल केली आणि बाकीचे मागोमाग आले. मग १९६३ च्या मॉडेलांना क्रायस्लरने इंजिन आणि गिअरबॉक्स वगैरेंवर थेट ५ वर्षं, ५०,००० मैल देऊन टाकली. विक्री ढासळली होती, नाव खराब झालं होतं, तेव्हा हा हुकमाचा पत्ता. गिऱ्हाइकं वळली, इतरांनीही मुदत वाढवली, आणि मग दुरुस्तीची बिलं यायला लागल्यावर दशक संपता संपता सगळ्यांनी पुन्हा हात आखडता घेतला.

ही अशी वॉरंटी का चालते, ते १९७० साली जॉर्ज अकरलॉफने एका निबंधात मांडलं. (तीन जर्नल्सनी निबंध नाकारला होता. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं.) गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्यांनाच डबडं समजून भाव पाडतो आणि चांगल्या गाडीवाल्याचं नुकसान होतं. यावरचा एक उपाय म्हणजे वॉरंटी. बिघडली तर मी भरतो, असं म्हणणं चांगल्या गाडीवाल्याला स्वस्त पडतं, भंगारवाल्याला महाग. थोडक्यात, कंपनी आपल्याच कामावर पैज लावते.

याचं ठळक उदाहरण ह्युंदाई. १९८६ मध्ये एक्सेल घेऊन अमेरिकेत उतरली, गाडी स्वस्त म्हणून धडाधड खपली, आणि मग तिच्या दर्जावरून टिंगल सुरू झाली. १९९८ मध्ये कंपनीने इंजिन-गिअरबॉक्सवर १० वर्षं, १,००,००० मैल जाहीर केले. इतक्या लांब मुदतीचं वचन दिल्यावर गाड्या सुधारण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि सुधारल्याही. याउलट आपल्याकडे परमिट राजमध्ये गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोण कशाला वचन देईल? स्पर्धा आली तशा मुदती वाढल्या. मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली वॉरंटी २ वर्षं, ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं, १ लाख किलोमीटरवर नेली. म्हणजे तिसरं वर्ष, जे आधी गिऱ्हाईक एक्स्टेंडेड म्हणून विकत घ्यायचं, ते आता गाडीसोबत येतं.

आता आपल्या १८ हजारांकडे वळू. नाव सारखं असलं तरी ही वस्तू वेगळ्या घराण्यातली. अमेरिकेने १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यात हा फरक लिहूनच ठेवला. गाडीसोबत मिळते ती वॉरंटी. वेगळे पैसे मोजून घेता तो सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, ऑफिसातल्या एसीचा एएमसी असतो त्याच जातीचा. इथे कंपनी पैज लावत नाही, तुम्ही लावता, आणि ती गाडी बिघडेल यावर. पैजेचा भाव मात्र समोरचा ठरवतो, ज्याच्याकडे सगळ्या दुरुस्त्यांचा डेटा आहे.

इंजिनिअर लोकांना बाथटब कर्व्ह माहीत असेल. यंत्र नवं असताना कारखान्यातले दोष बाहेर येतात, शेवटी झिजेमुळे बिघाड वाढतात, मधला काळ सपाट. पहिली तीन वर्षं कंपनीने सांभाळली. चौथं-पाचवं म्हणजे टबचा तळ. आणि झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपर, या कॉन्ट्रॅक्टमधून आधीच वगळलेल्या. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०१३ च्या पाहणीत एक्स्टेंडेड वॉरंटी घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांनी ती दुरुस्तीसाठी एकदाही वापरली नव्हती, आणि वापरणाऱ्यांचाही सरासरीने तोटाच झाला होता. शिवाय वचन देणारा टिकायला हवा. टीव्हीवर जोरात जाहिराती करून असे कॉन्ट्रॅक्ट विकणारी यूएस फिडेलिस मार्च २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच्या वर्षभर आधी खुद्द जीएम आणि क्रायस्लर बुडायला आल्या, तेव्हा त्यांच्या गाड्यांच्या वॉरंटीमागे अमेरिकन सरकारला उभं राहावं लागलं होतं.

आमची गाडी साधी पेट्रोल, मॅन्युअल गिअर, वर्षाला सात हजार किलोमीटर. समजा लाखभराचं काम निघालं, तरी १८ हजार वसूल व्हायला दोन वर्षांत तसं होण्याची शक्यता १८ टक्के हवी. या गाडीत ती मला दिसत नाही. बायकोला हिशोब दाखवला. ती म्हणाली, "ते ठीक आहे रे. पण मी पिल्लूला घेऊन रात्री नाशिकहून येते. कसारा घाटात गाडी बंद पडली तर?"

प्रश्न रास्त होता, आणि तो १८ हजारांच्या कागदात कुठेच नव्हता. तो कागद पार्टचा विचार करतो, माणसाचा नाही. १९५५ मध्ये तसंच होतं. पार्ट बदलून देऊ, बाई भिंतीवर आदळल्या त्याचं काय ते बोलू नका. गाडीच्या दोषामुळे माणसाला इजा झाली तर दाद मागायला आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, वॉरंटी विकत घेतलेली असो वा नसो. आणि घाटातल्या रात्रीसाठी लागते रोडसाइड असिस्टन्स, जी वेगळी मिळते आणि बरीच स्वस्त पडते.

म्हणून ठरलं ते असं. रोडसाइड असिस्टन्स घेतली, नाशिकला निघण्याआधी टायर-बॅटरी तपासायचं काम माझ्याकडे आलं, आणि १८ हजार वेगळ्या खात्यात टाकले. ते दुरुस्तीसाठीच, गोव्याला जायचं ठरलं तरी हात लावायचा नाही. ऑफिसातल्या मित्राला मात्र मी 'घे' म्हटलं. त्याची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, दर आठवड्याला पुणे-मुंबई, आणि घराचा हप्ता इतका की एकदम लाख रुपये काढायचे तर हात पसरावे लागतील. अशा माणसाने सरासरीने तोट्याची पैजही लावावी. विमा म्हणजे दुसरं काय?

सर्व्हिस सेंटरला नाही कळवलंय. त्यांच्याकडे आता बॅटरीची एक स्कीम आहे म्हणे.