अपघाताची भरपाई मिळाली तर दिव्यांगाची निराधार पेन्शन बंद होते का? जाणून घ्या

येडगाव (ता. जुन्नर) : नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो घेऊन जाणारा एखादा तरुण पुणे-नाशिक हायवेवर अपघातात सापडतो. पाय जातो किंवा मणक्याला मार बसतो. दोन-चार वर्षं कोर्टात तारखा चालतात आणि एक दिवस आठ-दहा लाखांचा निकाल लागतो. तोपर्यंत घर चाललेलं असतं ते संजय गांधी निराधार योजनेच्या पैशावर. आता भरपाई खात्यावर आली की पेन्शन बंद होणार, अशी भीती घरच्यांना वाटते. मग कोणीतरी सल्ला देतो, "पैसे भावाच्या नावावर टाका." हा सल्ला सगळ्यात धोक्याचा.

मुळात या योजनेची अट वार्षिक उत्पन्नाची आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत लागतं. दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि वय १८ ते ६५. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं अनुदान महिना २,५०० रुपये झालं आहे, म्हणजे वर्षाला ३०,०००.

अपघाताची भरपाई म्हणजे पगार नव्हे. गेलेल्या अवयवाचे, बुडालेल्या कमाईचे ते एकदाच मिळणारे पैसे. पण त्यावरचं व्याज हे दरवर्षीचं उत्पन्न असतं. सारा हिशोब इथेच आहे. साडेसहा टक्के व्याज धरलं तर सात लाखांच्या ठेवीवर वर्षाला ४५,५०० रुपये मिळतात, आठ लाखांवर ५२,०००. म्हणजे आठ लाखांची ठेव एकटीच मर्यादा ओलांडते. शेतीचं, मजुरीचं उत्पन्न त्यात वेगळं मिळवायचं. रेशनवरही याचा परिणाम होऊ शकतो, कारण ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा ४४,००० रुपयांची आहे.

आता भावाच्या नावावर टाकण्याचं बघू. पंधरा लाखांचं व्याज वर्षाला ९७,५०० होतं. तीस हजारांची पेन्शन वाचवायची म्हणून पंधरा लाख दुसऱ्याच्या हवाली करायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. उद्या भावाभावांत वाटण्या झाल्या, भावावर कर्ज झालं किंवा त्याचंच काही बरंवाईट झालं, तर त्या पैशावर दिव्यांगाचा हक्क सांगायला कागद कुठला?

त्यापेक्षा कोर्टाचाच आधार घ्यावा. १९९४ साली सुप्रीम कोर्टाने केरळच्या सुसम्मा थॉमस प्रकरणात मोटार अपघात प्राधिकरणांना सूचना दिल्या. भरपाई उधळली जाऊ नये म्हणून ती बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, व्याज दर महिन्याला संबंधिताला मिळावं, ठेवीवर कर्ज देऊ नये, अशी त्याची दिशा आहे. त्यात सवलतही आहे. पुढच्या उपचाराला पैसे लागले तर प्राधिकरण खात्री करून रक्कम काढू देतं. शेतीची अवजारं किंवा रिक्षा घेऊन पोट भरायचं असेल तर त्याचाही विचार होतो. म्हणून निकालाच्या वेळीच वकिलाला सांगावं की घरात कमोड, रॅम्प, कृत्रिम पाय, सोसायटीचं कर्ज यासाठी इतकी रक्कम आत्ता हवी आणि बाकीची ठेवीत राहू द्या. खर्चाची बिलं, कोटेशन सोबत जोडावीत. आत्ता लागणारा खर्च आधीच वजा झाला की ठेव कमी राहते आणि व्याजही कमी होतं.

दुसरी सोय म्हणजे मोटार अपघात दाव्यांसाठी असलेली वार्षिकी ठेव. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती देशभर राबवायला सांगितली. रक्कम एकदा ठेवायची आणि ३६ ते १२० महिने दरमहा हप्ता घ्यायचा. कर्ज मिळत नाही आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय ठेव मोडता येत नाही. एजंट आणि पाहुणे दोघांनाही आपोआप लगाम बसतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. या हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतं. तलाठ्याने सगळा हप्ता उत्पन्न म्हणून धरू नये यासाठी बँकेकडून व्याजाचा वेगळा दाखला घ्यावा आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाला जोडावा. महिना दहा हजारांचा हप्ता म्हणजे वर्षाला १,२०,००० उत्पन्न, असं नाही. मुद्दल तर आपलंच परत येत असतं.

व्याज धरूनही उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं तर? तर तसं खरं सांगावं. पेन्शन जाईल, पण सगळं जात नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड आणि एसटीची ७५ टक्के सवलत दिव्यांगत्वावर मिळते, उत्पन्नावर नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, त्याचीही ग्रामसभेत चौकशी करावी. बऱ्याच गावांत हा निधी मागायला कोणी उभंच राहत नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला व्यवहार समजत नसतील, तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो. पालकाला मालमत्तेचा हिशोब द्यावा लागतो. म्हणून पैसे त्या व्यक्तीच्याच नावावर ठेवून पालकाने ते सांभाळावेत, हे सगळ्यात सुरक्षित.

वकिलाची फी परवडत नसेल तर जुन्नर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. दिव्यांगाला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, बँक पासबुक आणि निकालाची प्रत सोबत न्यावी.