हकीम अल-अरेबी प्रकरण: निर्वासिताला जबरदस्तीने मायदेशी पाठवता येतं का?

बहरीनचा फुटबॉलपटू हकीम अल-अरेबी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात गेला. २०१७ मध्ये त्याला तिथे निर्वासिताचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये पत्नीसोबत मधुचंद्रासाठी बँकॉकला पोहोचताच त्याला ताब्यात घेण्यात आलं.

कारण काय होतं?
बहरीनच्या मागणीवरून इंटरपोलने काढलेली रेड नोटीस. पोलीस ठाण्याच्या तोडफोडीप्रकरणी त्याला गैरहजेरीत १० वर्षांची शिक्षा झाली होती. त्या वेळी आपण सामना खेळत होतो, असं त्याचं म्हणणं होतं.

नियम काय सांगतो?
ज्या देशातून निर्वासित पळाला, त्याच देशाच्या मागणीवरून रेड नोटीस काढू नये, असं इंटरपोलचंच धोरण आहे. नोटीस रद्द झाली, तरी कोठडी सुटली नाही. छळाचा धोका असलेल्या देशात परत पाठवायला १९५१ चा निर्वासित करार मनाई करतो. पण थायलंडने त्यावर सही केलेली नाही.

सुटका कशी झाली?
ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार क्रेग फॉस्टर, खेळाडू आणि मानवाधिकार संघटनांनी फिफा आणि सरकारांवर दबाव आणला. बहरीनने मागणी मागे घेतली आणि ११ फेब्रुवारी २०१९ रोजी, ७६ दिवसांनी, तो सुटला. मार्चमध्ये त्याला ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळालं.